घरात आणायचं जपान

क्योतोहून परतणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेत साधारण काय असतं? एखादा कागदी पंखा, निळ्या सुती कापडाचा दारावरचा पडदा, चहाचे बिनकानाचे कप, जमलंच तर घडीचा कंदील. तिथे या वस्तूंवरून नजर हलत नव्हती. इथे त्या शोकेसमध्ये जातात, शेजारी ट्रॉफ्या आणि लग्नातल्या भेटवस्तू असतात, आणि महिनाभरात त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. तिथे त्या ज्या खोलीत होत्या, तिची जमीन मोकळी होती, उजेड कागदातून गाळून येत होता आणि त्या भिंतीवर दुसरं काहीही नव्हतं. आपण सामान आणतो आणि खोली तिथेच सोडून येतो. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रवासातून आणायची ती त्या खोलीची रीत. वस्तू नंतर आल्या तरी चालतात, आणि नाही आल्या तरी फारसं बिघडत नाही.

ही रीत आपल्याला परकी वाटण्याचं कारणही नाही. चौदाव्या शतकात योशिदा केन्को नावाच्या भिक्षूनं ‘त्सुरेझुरेगुसा’ या टिपणसंग्रहात सल्ला दिला, की घर बांधताना विचार उन्हाळ्याचा करावा. थंडीत माणूस कुठेही निभावून नेतो. क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. जूनमध्ये तिथे पाऊस लागतो, जुलैच्या मध्यापर्यंत रेंगाळतो आणि मग दमट, घुसमटवणारा उन्हाळा येतो. हवा हलत नाही. पारंपरिक जपानी घर या हवेला दिलेलं उत्तर आहे. मातीपासून उचललेली फळ्यांची जमीन, तिच्याखालून वाहणारा वारा, पावसाला दूर ठेवणारी लांब वळचण, आणि भिंतींच्या जागी सरकणारी, वेळ पडली तर काढून ठेवता येणारी दारं. बर्फाळ युरोपातल्या घरांपेक्षा हे घर रत्नागिरी-पणजीच्या हवेला कितीतरी जवळचं आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण त्या घरात सगळं जमिनीवर घडतं. तातामी ही आपल्याकडे अनेकांना पातळ चटई वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे साडेपाच सेंटिमीटर जाडीची गादीच असते. पारंपरिक तातामीत आत दाबून बसवलेला भाताचा पेंढा, वर इगुसा नावाच्या लव्हाळ्याचं घट्ट विणलेलं कापडासारखं आवरण, लांब कडांना कापडी किनार. जपानमध्ये पिकणारा बहुतेक इगुसा क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातून, त्यातही यात्सुशिरोच्या परिसरातून येतो. नवी तातामी हिरवट असते आणि खोलीभर कापलेल्या गवताचा वास असतो. उन्हाहवेनं ती हळूहळू मधाच्या रंगाला येते. आवरण झिजलं की आधी ते उलटून त्याची दुसरी बाजू वापरतात, मग नवं आवरण चढवतात. आतला गाभा अनेक वर्षं तोच राहतो.

हिचं माप ठरलेलं असल्यामुळे ती घराचंही माप बनली. क्योतोकडची तातामी साधारण १९१ बाय ९५.५ सेंटिमीटर, तोक्योकडची १७६ बाय ८८. लांबी रुंदीच्या दुप्पट, म्हणून त्या कशाही आडव्या-उभ्या रचता येतात. शुभ मानल्या जाणाऱ्या रचनेत चार तातामींचे कोपरे एका बिंदूत येऊ देत नाहीत. खोली ‘साडेचार तातामीची’, ‘सहाची’, ‘आठची’ अशीच सांगितली जाते. फार पूर्वी तातामी फक्त उमरावांच्या बसण्यापुरती असायची, उरलेली जमीन लाकडाची. संपूर्ण खोली तातामीनं भरायची पद्धत पुढे मुरोमाची काळात रुजली. क्योतोच्या गिन्काकूजी मंदिरात तोगुदो नावाची त्याच काळातली इमारत आहे, १४८६ची. तिच्यातली साडेचार तातामींची दोजिनसाई ही छोटी खोली निवृत्त शोगुन आशिकागा योशिमासाची. भिंतीतलं लिहिण्याचं मेज, त्यावर उजेड टाकणारी कागदी खिडकी, शेजारी खाली-वर बसवलेल्या फळ्या. आज जगभर ‘जपानी खोली’ म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्याच्या सर्वांत जुन्या शिल्लक नमुन्यांत ही खोली मोजतात. देशावर एके काळी राज्य केलेला माणूस एवढ्या खोलीत बसत होता, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता आपल्या घराकडे पाहू. तोक्योच्या मापानं सहा तातामींची खोली म्हणजे सुमारे पावणेनऊ फूट बाय साडेअकरा फूट, जवळपास शंभर चौरस फूट. मुंबई-पुण्याच्या टू-बीएचकेतली बेडरूम साधारण एवढीच असते. तीच खोली जपानी घरात दिवसा बैठकीची, जेवायला बसताना जेवणाची आणि रात्री झोपण्याची होते. आपल्याकडे पलंग आणि कपाट ठेवलं, की ती खोली चोवीस तास फक्त झोपेच्या नावावर लागते.

पारंपरिक जपानी निवासात, र्योकानमध्ये, हे घडताना जवळून पाहायला मिळतं. आपण जेवायला गेलेलो असताना बाई येतात. खोलीच्या मधलं ठेंगणं मेज उचलून कडेला नेतात, भिंतीतलं ओशीइरे नावाचं खोल कपाट सरकवून उघडतात, आतून दोन घड्यांच्या गाद्या काढतात, चादर ताणून कडा खाली दुमडतात, उशी ठेवतात, पायाशी रजई तिहेरी घडी करून ठेवतात. सकाळी हेच सगळं उलट क्रमानं. पाहताना मला जुन्या चाळीतल्या खोलीची आठवण झाली: सकाळी वळकट्या उचलून भिंतीला लावल्या, की दहा-बारा माणसांच्या पंगतीला जागा व्हायची. हे आपल्याला येत होतं. पलंग हे सुबत्तेचं लक्षण ठरलं तेव्हा ते सुटलं. यात आरोग्याचाही भाग आहे. रात्रभर अंगाची ऊब आणि घाम गादीत उतरतो. गादी तशीच पडून राहिली तर ती आणि तातामी या दोन्हींमध्ये ओल धरते. म्हणून ती रोज उचलायची आणि उन्हाच्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकायची. जपानी शहरांतल्या इमारतींच्या गॅलऱ्यांत आजही लटकत्या गाद्या दिसतात.

सगळ्यांनी पलंग विकून टाकावा असं मी म्हणणार नाही. पण घरात निदान एका खोलीची मधली जमीन कायमची मोकळी ठेवावी. त्यासाठी सामान भिंतीत जिरवावं लागतं. ओशीइरे सुमारे तीन फूट खोल असतं, आपला वॉर्डरोब दोन. गाद्या-रजया मावायच्या तर सुताराला हे आधी सांगायला हवं. जपानी खोलीचा मोकळेपणा या तीन फुटांवर उभा आहे. मासिकातल्या फोटोत ती दारं बंद असतात, म्हणून ते ध्यानात येत नाही.

जमिनीवर बसलं की डोळ्यांची उंची अडीच-पावणेतीन फुटांवर येते, आणि घर वेगळं दिसायला लागतं. यासुजिरो ओझूचे चित्रपट, विशेषतः १९५३चा ‘तोक्यो स्टोरी’, पाहिले तर कॅमेरा सतत याच खालच्या पातळीवर दिसतो. त्या खोल्यांमधली चित्रं, फुलं, बाहेरची बाग सगळं बसलेल्या माणसासाठी रचलेलं असतं. आपल्या फ्लॅटमध्ये याच्या आड खिडकी येते. तिचा कट्टा तीन फुटांच्या आसपास असतो. जमिनीवर बसलं तर समोर नुसती भिंत. शिवाय घरात गुडघे दुखणारी माणसं असतात. आजच्या जपानी अपार्टमेंटमध्ये यावर एक फार शहाणा तोडगा वापरतात. खोलीच्या एका भागात एक-सव्वा फूट उंचीचा, वर तातामी घातलेला लाकडी ओटा करतात. त्याला कोआगारी म्हणतात. पोटात मोठे खण असतात, त्यांत अंथरुणं जातात. कडेला पाय सोडून बसता येतं, आजी-आजोबांना उठताना त्रास होत नाही, आणि खिडकीबाहेरचं झाड दिसतं. जपानकडून एकच गोष्ट घरात घ्यायची म्हणाल, तर मी हा खिडकीलगतचा ओटा घ्या म्हणेन. तो केला की त्या भागातली चित्रं अर्धा-एक फूट खाली उतरवावीत आणि दिवा छतावरून काढून जमिनीजवळ आणावा.

त्यावर अस्सल तातामीच हवी का? कोकणपट्टीवर आणि मुंबईत मी ‘नको’ म्हणेन. इगुसा हवेतली ओल शोषतो, आणि चार महिने खिडक्या बंद ठेवलेल्या घरात त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. जपानमध्येही पावसाच्या दिवसांत हा त्रास असतोच. तिथे लोक कोरड्या फडक्यानं विणीच्या दिशेनं पुसतात आणि दुपारी दारं उघडी टाकतात. आपल्या देशात उत्तम गवती विणकाम आहे. तमिळनाडूतल्या पट्टमडईची कोरा गवताची चटई, बंगालच्या मेदिनीपूर भागातली मादुर. या पातळ असतात, उचलून झटकता येतात, उन्हात टाकता येतात. खाली सुती गादी, वर मादुर, आणि जून लागला की मादुर गुंडाळून माळ्यावर. पुणे, नाशिक किंवा त्याहून कोरड्या गावांत खरी तातामी टिकू शकेल. पण तिच्यावर खुर्चीचे पाय ठेवायचे नाहीत आणि सपातासुद्धा घालायच्या नाहीत, एवढी शिस्त घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवी.

उजेडाच्या बाबतीत मात्र हवामानाची अशी अडचण नाही, आणि तिथे आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे. शोजी म्हणजे बारीक लाकडी जाळीच्या चौकटीवर कागद चिकटवलेलं सरकतं दार. कागद जाळीच्या बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे खोलीत बसलेल्याला लाकडाच्या रेघा दिसतात आणि त्यांच्यामागे एकसारखा पांढरा उजेड. हे दार बिजागऱ्यांवाचून बसतं. वरच्या चौकटीतली खाच खोल असते, खालची अगदी उथळ. दार आधी वर सारायचं, मग खाली सोडायचं, बस्स. काढताना पुन्हा वर उचललं की हातात आलं. समारंभ असला की घरातली सगळी मधली दारं अशी काढून चार खोल्यांची एक खोली करता येते. चाकं नाहीत, रूळ नाहीत, गंजायला लोखंड नाही.

हा कागद, वाशी, बहुधा कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचा असतो. सालीतले तंतू लांब असतात आणि कुटून वेगळे केले तरी तुटत नाहीत, म्हणून कागद अगदी पातळ निघूनही चिवट राहतो. २०१४ साली जपानमधल्या तीन गावपरंपरांचा हातकागद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. आपल्याकडचा हातकागद बहुतेक वेळा सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. लिहायला छान, पण त्यातून उजेड तितका झिरपत नाही. नेपाळी लोक्ता कागद झुडपाच्या सालीचा असल्यामुळे वाशीच्या जास्त जवळ जातो आणि भारतात सहज मिळतो. दिव्याला किंवा लहान सरकत्या पडदीला तो चांगला. मोठ्या खिडकीला पावसाळ्याचा विचार करून मी धुतलेलं पातळ मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणून बसवायला सांगेन. उजेड जवळजवळ तसाच पडतो, आणि मळलं की काढून धुता येतं.

जुनिचिरो तानिझाकीनं १९३३-३४च्या सुमाराला सावल्यांच्या स्तुतीचा एक दीर्घ निबंध लिहिला. वीज घरोघरी आली होती आणि ती मोजूनमापून वापरायचं भान कुणाला राहिलं नव्हतं. सोनेरी नक्षीची लाखेची भांडी मंद उजेडासाठी घडवली होती, लख्ख दिव्याखाली ती भडक दिसतात, हा त्यातला मुद्दा मला फार खरा वाटतो. अंधाऱ्या खोलीत एखाद्या सोनेरी पडदीचा कोपरा जेव्हा उजळतो तेव्हाच ते सोनं का लावलं ते कळतं. आपल्याकडे छताच्या मधोमध ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लागते आणि खोलीतली प्रत्येक वस्तू सारखीच उघडी पडते. पितळी समई, सागवानी चौरंग, पैठणीचा काठ या सगळ्यांवर तो उजेड अन्याय करतो. २७०० केल्विनचे दोन-तीन ठेंगणे दिवे, कागदाआड किंवा भिंतीकडे तोंड करून, एवढ्यानं संध्याकाळ बदलते. खर्चही फार येत नाही. वाचायला हवा तिथे वेगळा दिवा लावावाच.

बाजारात सगळीकडे दिसणारे कागदी गोल दिवे ज्यांच्या नकला आहेत, त्यांचा उगम गिफू शहरात आहे. शिल्पकार इसामू नोगुची १९५१ साली तिथे गेला. तिथल्या नागारा नदीवर मशालीच्या उजेडात पाणकावळ्यांकडून मासे पकडतात, आणि त्याच गावात बांबूच्या कामट्यांवर वाशी चढवून कंदील बनवण्याचा जुना व्यवसाय होता. नोगुचीनं तीच कृती घेतली, आत विजेचा दिवा बसवला आणि आकार मोकळे सोडले. ‘आकारी’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांचे शंभराहून अधिक प्रकार त्यानं केले, आणि ते आजही गिफूमध्येच बनतात. ते घडी करून चपट्या खोक्यात मावतात, प्रवाशाला आणखी काय हवं?

क्योतोच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं, माचिया, पाहायला मिळाली तर उन्हाळ्यात पाहावीत. रस्त्यावर अरुंद तोंड आणि आत लांबच लांब घर. मध्ये आणि मागे छोट्या बागा असतात. एका बागेत पाणी शिंपडलं की ती थंड होते, दुसरी उन्हात तापलेली असते, आणि दोन्हींमधल्या खोल्यांतून वाऱ्याची झुळूक सुटते. जून आला की या घरांत कापडाचोपडाची साफसफाई होते तशी दारांचीच अदलाबदल होते. जाड कागदाची फुसुमा नावाची दारं आणि शोजी काढून ठेवतात, त्यांच्या जागी बोरूच्या काड्यांची विरळ दारं बसवतात, वळचणीला बांबूच्या चिका लटकतात, तातामीवर वेताची गार चटई पसरतात. सप्टेंबरच्या शेवटाला पुन्हा जुनी दारं. घर वर्षातून दोनदा कपडे बदलतं. आपल्याकडे वाळ्याचे पडदे याच बुद्धीचे; त्यांवर पाणी मारलं की घरभर गारवा आणि वास. चैत्रात जाड पडदे उतरवून बांबूची चिक आणि वाळा, दिवाळीला पुन्हा जाड कापड आणि लोकरी बैठक, एवढं केलं तरी या रीतीचं मर्म घरात आलं.

ऋतूप्रमाणे बदलण्याची हीच सवय तोकोनोमात दिसते. खोलीच्या एका भिंतीत उथळ, किंचित उंच केलेली जागा. तिथे एक लटकतं चित्र किंवा सुलेखन, खाली एक फूल किंवा एक भांडं. तिथे पाय ठेवायचा नाही, आणि पाहुण्याचा मान असा, की त्याला तोकोनोमाच्या सर्वांत जवळ बसवतात. बाकीची चित्रं किरी लाकडाच्या पेट्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात. किरी हलकं असतं आणि दमट हवेत फुगून पेटीच्या फटी आपोआप बुजवतं. घरात दहा सुंदर वस्तू असतील तर नऊ पेटीत आणि एक बाहेर, महिन्याभरानं पाळी बदलायची. शोकेसची सवय लागलेल्या आपल्या मनाला हे जड जातं. जुन्या घरातला रिकामा कोनाडा किंवा फ्लॅटमधली एक हातभर भिंत यासाठी पुरते. तिथे जपानी वस्तूच हवी असं मुळीच नाही. सावंतवाडीचं लाकडी खेळणं, वारली चित्र, पावसाळ्यात एखादं सोनटक्क्याचं फूल चालेल. आजूबाजूची भिंत रिकामी राहिली पाहिजे, हीच खरी अट.

या जागी एक वस्तू मात्र कृपा करून ठेवू नये: बुद्धाचं नुसतं शीर. सजावटीच्या दुकानांत ते ‘झेन’ म्हणून विकतात. जपानी घरात बुद्धाची जागा बुत्सुदान नावाच्या देव्हाऱ्यात असते, तिथे रोज नमस्कार होतो. आणि १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ज्या महाराष्ट्रात लाखो माणसं बुद्धाला वंदन करतात, तिथे त्याचं शीर रोपट्यांच्या कुंडीशेजारी मांडावं हे मला पटत नाही.

जपानी खोली समजलेला माणूस ती भारतात आणतो तेव्हा काय होतं, हे पाहायला पुद्दुचेरीला जावं. अरविंद आश्रमाचं गोलकोंड हे वसतिगृह तोक्योत अनेक वर्षं काम केलेल्या अँतोनिन रेमंड यांनी आखलं, आणि त्यांच्या कचेरीतले जपानी वंशाचे अमेरिकी वास्तुकार जॉर्ज नाकाशिमा १९३७ ते १९३९ तिथे राहून कामावर होते. बाहेरच्या बाजूला उघडमीट करता येणाऱ्या आडव्या पट्ट्या, आत वारा जाऊ देणारी सागवानी सरकती दारं, मोजकंच सामान. जपानी म्हणून दाखवता येईल अशी एकही सजावट त्यात नाही, तरी वारा, सावली आणि मोकळी जमीन सगळी तिथली. नाकाशिमा पुढे १९६४मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचर करायला पुन्हा भारतात आले. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातही, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेली हिरवळ आणि पाणी आहे. बसून पाहण्यासाठी बाग कशी रचतात ते तिथे समजतं.

तरीही काही विकत आणायचंच असेल, तर विमानतळावरच्या दुकानांत न घेता क्योतोचे जुन्या वस्तूंचे बाजार गाठावेत. तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगूमध्ये २५ तारखेला ते भरतात. जुन्या किमोनोंचे कमरपट्टे, निळीत रंगवलेल्या कापडाचे तुकडे, रोजच्या वापरातल्या वाट्या तिथे मिळतात. लटकतं चित्र घेतलं तर त्याची मूळ लाकडी पेटी मागून घ्यावी, आणि इथे ते पावसाळाभर पेटीतच ठेवावं. शोजी किंवा कागदी दिवा केला, तर चिकटवायला तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळच वापरावी. ओल्या स्पंजानं ती सुटते आणि जुना कागद अख्खा निघून येतो. फेव्हिकॉलनं चिकटवलेला कागद काढताना लाकूड खरवडावं लागतं. लहान मुलांनी बोट घालून भोक पाडलं तर सगळं दार बदलायची गरज नसते. जपानी घरांत त्याच कागदाचं फुलाच्या किंवा पानाच्या आकाराचं ठिगळ कापून भोकावर लावतात, आणि पूर्ण कागद बदलायचं काम वर्षअखेरच्या साफसफाईवर सोडतात. आपल्याकडे ते दसऱ्याआधी, पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर काढावं.